बंद गिरणीच्या फाटकाआड : एक छंद, त्याचा कायदा आणि त्याची जोखीम

मुंबई, खास प्रतिनिधी

नोव्हेंबर २०२२ मध्ये भायखळ्याच्या सर जे. जे. रुग्णालयाच्या आवारातील एका जुन्या इमारतीत पाणी झिरपत असल्याची तक्रार आली. तक्रारीचा माग काढताना तेथील एका डॉक्टरांना जमिनीखाली पोकळी असावी अशी शंका आली. त्यांनी पाहणी केली तेव्हा सुमारे २०० मीटर लांबीचे ब्रिटिशकालीन भुयार उजेडात आले. इमारतीची कोनशिला १८९० सालची. म्हणजे एक शतकाहून अधिक काळ रुग्ण, परिचारिका आणि विद्यार्थी ज्या फरशीवरून येजा करीत होते, तिच्याखाली हे भुयार होते आणि त्याची कोणाला खबर नव्हती. त्याआधी २०१६ साली मलबार हिलच्या राजभवनात १३ खोल्यांचा, दीडशे मीटर लांबीचा तळघरवजा बंकर असाच सापडला होता.

अशा बातम्या वाचून ज्यांच्या मनात 'आपणही एकदा आत जाऊन पाहावे' असे येत नाही, असा मुंबईकर विरळाच. फरक एवढाच की, रुग्णालयातील डॉक्टर आत गेले ते आपल्या कामाच्या अधिकाराने. असा कोणताही अधिकार नसताना, केवळ कुतूहलापोटी, बंद कारखाने, ओस पडलेली रुग्णालये, भुयारे, गटारे, अर्धवट बांधलेले मनोरे यांत शिरणारी मंडळी जगभर आहेत. त्यांच्या या उद्योगाला 'अर्बन एक्स्प्लोरेशन' किंवा थोडक्यात 'अर्बेक्स' असे म्हणतात. मराठीत त्याला रूढ असा शब्द नाही. 'नगरभ्रमंती' म्हणावे तर त्यात कुंपण ओलांडण्याचा अर्थ येत नाही, आणि 'घुसखोरी' म्हणावे तर त्यातले कुतूहल हरवते. या दोन शब्दांच्या मधोमध कोठेतरी हा छंद उभा आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनेही त्याची जागा जवळपास तीच आहे.

हा छंद आजचा नव्हे. पॅरिसच्या पोटात जुन्या दगडखाणींची शेकडो किलोमीटर लांबीची भुयारे आहेत. १७९३ साली फिलिबेर आस्पेअर नावाचा एक गृहस्थ त्या अंधारात उतरला आणि परतलाच नाही. त्याचा सांगाडा अकरा वर्षांनी, १८०४ मध्ये सापडला. १९५५ पासून त्या भुयारांत विनापरवाना हिंडण्यास बंदी आहे. तरीही २००४ मध्ये पोलिसांना तेथे चक्क एक चित्रपटगृह थाटलेले आढळले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९८६ मध्ये 'केव्ह क्लॅन' ही पर्जन्यजलवाहिन्यांत फिरणाऱ्यांची मंडळी स्थापन झाली. कॅनडातील टोरांटोच्या जेफ चॅपमन याने 'निन्जालिशस' या टोपणनावाने १९९६ पासून 'इन्फिल्ट्रेशन' हे छोटेखानी नियतकालिक चालविले आणि २००५ साली, म्हणजे स्वतःच्या अकाली मृत्यूच्या वर्षी, या छंदाचे जणू पाठ्यपुस्तक ठरलेले 'ॲक्सेस ऑल एरियाज' लिहिले. या जुन्या मंडळींचा एक अलिखित दंडक होता. काही फोडायचे नाही, काही उचलायचे नाही, भिंतीवर काही लिहायचे नाही, आणि जागेचा पत्ता चारचौघांत सांगायचा नाही. हा दंडक पाळणारे आणि न पाळणारे यांच्यात कुंपणाबाहेरच्या माणसाला फरक करता येत नाही, ही या छंदाची पहिली अडचण.

मुंबईत या छंदाला खाद्य पुरविले ते गिरण्यांनी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर एकेका गिरणीचा भोंगाही थांबत गेला. मग जमिनीचा प्रश्न आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटप ठरविले. २००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती होऊन वाटप केवळ मोकळ्या जमिनीपुरते उरले. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरविली. या साऱ्या वर्षांत लालबाग, परळ, लोअर परळ, भायखळा, महालक्ष्मी या पट्ट्यात एकरच्या एकर जागा कुलूपबंद राहिल्या. काही मालकांच्या भांडणात, काही बँकांच्या कर्जात, काही न्यायालयीन रिसीव्हर किंवा अवसायकाच्या ताब्यात. भायखळ्यापुरतेच बोलायचे तर खटाव, न्यू ग्रेट ईस्टर्न, सिम्प्लेक्स, राणीच्या बागेला लागून असलेली मफतलाल अशी नावे जुन्या रहिवाशांच्या तोंडी आजही आहेत. करवतीच्या दात्यांसारखी छपरे, उंच चिमणी, बॉयलरच्या पाण्यासाठी खोदलेला तलाव, आणि साचे भंगारात गेल्यावर मागे राहिलेली ओळीने बोल्टांची भोके. ज्याच्या हातात कॅमेरा आहे, त्याला याहून अधिक काय हवे?

प्रस्तुत प्रतिनिधीच्याही हातात एकदा कॅमेरा होता. पत्रकारितेच्या पदविकेच्या वर्षात आम्हा चौघांना 'बदलते गिरणगाव' या विषयावर छायाचित्रांसह लेख करायचा होता. २०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही एका बंद गिरणीच्या मागच्या भिंतीच्या खिंडारातून आत गेलो. नाव सांगण्यात अर्थ नाही, तेथे आता गिरणी राहिलेली नाही. आत दीड तास होतो. एका मैत्रिणीचा पाय जिन्याच्या कुजलेल्या फळीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला. बाहेर पडताना रखवालदाराने अडविले, वहीत नावे लिहून घेतली, मोबाइल क्रमांक घेतले आणि सोडून दिले. दुसऱ्या दिवशी वर्गात हा किस्सा आम्ही पराक्रमासारखा सांगितला. नंतर ऑगस्ट आला, आणि तो किस्सा सांगणे आम्ही बंद केले.

२२ ऑगस्ट २०१३ रोजी संध्याकाळी महालक्ष्मी येथील शक्ती मिलच्या ओसाड आवारात एका तरुण छायाचित्रकार-पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. ती आपल्या सहकाऱ्यासह कामानिमित्त, बंद गिरणीची छायाचित्रे घेण्यासाठी तेथे गेली होती. तपासात असे उघड झाले की, त्याआधी ३१ जुलैला त्याच जागेत एका टेलिफोन ऑपरेटर तरुणीवरही असाच अत्याचार झाला होता. दोन्ही खटल्यांतील दोषींपैकी तिघांना सत्र न्यायालयाने ४ एप्रिल २०१४ रोजी फाशीची शिक्षा सुनावली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२१ रोजी ती जन्मठेपेत परिवर्तित केली.

त्या तरुणीने छंद म्हणून नव्हे, तर नेमून दिलेले काम म्हणून ते फाटक ओलांडले होते, आणि अपराध गुन्हेगारांचा होता. हे वेगळे सांगावे लागते, कारण त्या आठवड्यात 'ती तेथे गेलीच कशाला' हा प्रश्न या शहरात पुष्कळ तोंडांतून ऐकू आला. पण या लेखाच्या विषयाशी त्या घटनेचा एक धागा थेट जोडलेला आहे. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार, आरोपींनी त्या दोघांना प्रथम अडविले ते परवानगीचा मुद्दा काढून. ही जागा तुमची नव्हे, वरिष्ठांकडे चला, असा त्या बोलण्याचा आशय होता. विनापरवानगी आत गेलेल्या माणसाच्या मनात अपराधीपणाची एक बारीक कळ असते. ती कळ ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती ते शस्त्रच पडते. ओरडावे, पळावे, पोलिसांना बोलवावे, याआधी माणूस खुलासा करू लागतो. ओस जागेचा सर्वांत मोठा धोका तेथील भिंती नव्हेत, हे सांगणारी याहून कठोर घटना मुंबईत दुसरी नाही.

कायदा काय म्हणतो?

बहुतेकांची समजूत अशी की, 'अतिक्रमण करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल' ही पाटी ओलांडली की गुन्हा घडला. दुसऱ्या टोकाची समजूत अशी की, काही चोरले नाही तर गुन्हा नाहीच. दोन्ही समजुती अर्धवट आहेत.

दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत त्याच्या संमतीविना जाणे हा दिवाणी स्वरूपाचा अपकृत्य-दावा होऊ शकतो. मालक मनाईहुकूम किंवा भरपाई मागू शकतो. तो फौजदारी गुन्हा केव्हा ठरतो, हे १ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४४१ मध्ये होते आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. व्याख्येचा गाभा जुनाच आहे. गुन्हा करण्याच्या, किंवा जागा ताब्यात असलेल्या व्यक्तीला धाक दाखविण्याच्या, तिचा अपमान करण्याच्या अथवा तिला त्रास देण्याच्या हेतूने प्रवेश केला, किंवा कायदेशीररीत्या आत जाऊन त्या हेतूने तेथेच ठाण मांडले, तर ते 'फौजदारी पात्र अतिक्रमण' होय. हेतू हा येथे कळीचा शब्द आहे. मथरी विरुद्ध पंजाब राज्य या १९६४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आपल्या प्रवेशाने मालकाला त्रास होईल याची जाणीव असणे पुरेसे नाही, त्रास देणे हाच प्रवेशाचा उद्देश असला पाहिजे. छायाचित्रे काढून निघून जाणाऱ्याचा असा उद्देश होता हे सिद्ध करणे फिर्यादी पक्षाला सोपे नाही.

हे वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. कारण हेतूचा निकाल न्यायालयात लागतो, तर पोलीस ठाण्यात जावे लागते त्याच रात्री. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. जामीनपात्र आहे आणि जागेच्या ताबेदाराशी तडजोड होऊ शकते, हा दिलासा. साध्या अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण जागा माणसांच्या राहण्याची, प्रार्थनेची किंवा मालमत्ता सांभाळून ठेवण्याची इमारत असेल, तर ते 'गृह-अतिक्रमण' होते आणि कैद एक वर्षापर्यंत जाते. बंद गिरणीत जुने साचे, तांबे, लोखंड कुलूपबंद ठेवलेले असेल, तर ती मालमत्ता सांभाळण्याची इमारत आहे असा युक्तिवाद सहज होऊ शकतो.

येथून पुढे पायरी चढत जाते. भिंतीवरून चढून, किंवा माणसांच्या येजा करण्यासाठी नसलेल्या वाटेने, किंवा कुलूप उघडून असे गृह-अतिक्रमण केले, तर कायदा त्याला 'घरफोडी' म्हणतो. काही फोडले नसले तरीही. त्याची कैद दोन वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापूर्वी केले तर तीन वर्षांपर्यंत. छायाचित्रकारांना आवडणारी सांजवेळ कायद्याच्या लेखी रात्रीत जमा होते, हे लक्षात ठेवण्याजोगे. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या काळात एखाद्या इमारतीत संशयास्पद स्थितीत आढळून समाधानकारक खुलासा न देता येणे हादेखील स्वतंत्र अपराध आहे. येथे खुलाशाचा भार आपल्यावर येतो.

आणि आठवण म्हणून उचललेली कांडी? लाकडी बॉबिन, पितळी बिल्ला, हजेरीचे जुने कार्ड हे कोणाच्या तरी ताब्यातील जंगम मालमत्तेत मोडते, आणि ते संमतीवाचून नेणे म्हणजे चोरी. त्याहून महत्त्वाचे असे की, चोरीचा हेतू सिद्ध झाला की वर सांगितलेला हेतूचा सारा बचाव कोसळतो. प्रवेशच मुळी गुन्हा करण्यासाठी होता, असे म्हणण्यास वाट मोकळी होते. दिवाणखान्यात मांडण्यासाठी बॉबिन आणणारे गृहस्थ याचा विचार करीत नसावेत.

काही जागांना तर हेतूचे संरक्षणही नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ मध्ये रेल्वेच्या हद्दीत विनाअधिकार शिरणे एवढेच गुन्ह्याला पुरेसे आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भायखळा ते वाडीबंदर या पट्ट्यातील जुने यार्ड आणि गोदामे पाहायला निघालेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. माझगाव डॉकच्या बाजूला वळलात तर प्रकरण आणखी गंभीर होते. संरक्षणविषयक प्रतिबंधित जागांचे चित्रण शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ च्या कक्षेत येऊ शकते, आणि तेथे 'मला जुन्या इमारतींची आवड आहे' हे उत्तर ऐकून घेण्याची कोणाची तयारी नसते. ड्रोनचीही तीच गत. मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढून शहरात ड्रोन उडविण्यास बंदी करतात, आणि आदेश लागू आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी उडविणाऱ्याची.

डिसेंबर २०२२ मध्ये तारदेवच्या इम्पिरियल ट्विन टॉवर्समध्ये दोन रशियन तरुण साहसदृश्यांच्या चित्रीकरणासाठी रात्री शिरले. साठ मजल्यांच्या या इमारतीत रखवालदारांच्या ते लक्षात आले आणि तारदेव पोलिसांनी त्यांना अटक केली. जे परदेशांत 'रूफटॉपिंग' म्हणून मिरविले जाते, ते मुंबईत गृह-अतिक्रमणाच्या कलमाखाली नोंदले गेले. चांग्शा येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये वू योंगनिंग आणि हाँगकाँगमध्ये जुलै २०२३ मध्ये रेमी लुसिदी हे याच प्रकारातले नामवंत तरुण मनोऱ्यांवरून पडून मरण पावले, हे पाहता अटक हा त्यातल्या त्यात बरा शेवट म्हणायचा.

भिंती, हवा, पाणी

बंद इमारत स्थिर दिसते, तशी ती नसते. जुन्या गिरण्यांत आणि चाळींत मजले लाकडी तुळयांवर किंवा लोखंडी गर्डरवर पेललेले असतात. तुळयांची टोके भिंतीत शिरतात तेथे पाणी मुरते आणि लाकूड आतून कुजते, वरून रंग शाबूत. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतीचे चुनकाम उकलते. त्यात भंगारचोरांनी एखादा गर्डर कापून नेलेला असला, तर वरचा मजला कशाच्या आधारावर उभा आहे हे सांगणे कठीण. राहत्या इमारतींचा अनुभव काय सांगतो? २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जणांचा बळी गेला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडून ३३ जण दगावले. या दोन्ही जागा भायखळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ज्या इमारतींत माणसे राहत होती, डागडुजीकडे निदान कोणाचे तरी लक्ष असायला हवे होते, त्यांची ही कथा. तीस-चाळीस पावसाळे ओस राहिलेल्या शेडची काय असेल? महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. 'सी-१' असा शेरा असेल, तर ती इमारत रिकामी करून पाडण्यायोग्य आहे असा त्याचा अर्थ. तो फलक छायाचित्रात छान दिसतो, म्हणून पुष्कळांनी त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढलेले आहे.

गिरण्यांच्या शेडवर ठिकठिकाणी ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतात. त्यांच्यावर पाय दिला तर ते माणसाचे वजन पेलत नाहीत, हा झाला तत्काळ धोका. तुटलेल्या पत्र्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले, तर त्याचा परिणाम काही दशकांनी दिसतो. कबुतरांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेची धूळ श्वसनाचे विकार जडवू शकते. साधा रुमाल येथे उपयोगाचा नाही.

भूमिगत जागांचे भय वेगळे. बंदिस्त टाकी, विहीर, मलवाहिनी यांत प्राणवायू कमी असतो आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. सडक्या अंड्यासारखा वास हा त्याचा इशारा खरा, पण प्रमाण वाढले की हा वायू वास ओळखण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजणारा पुढच्या काही श्वासांत कोसळतो. मलवाहिन्यांत उतरलेल्या सफाई कामगारांच्या मृत्यूंच्या बातम्या वाचा. एक बेशुद्ध होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि तिघेही जातात. पोटासाठी नाइलाजाने जेथे माणसे मरतात, तेथे हौसेने उतरावे का, हा प्रश्न नीतीचाही आहे.

पावसाळ्यात तर या छंदाला पूर्ण विराम द्यावा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवी परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर यांचा मृत्यू झाला, तो सार्वजनिक रस्त्यावर. गिरणीच्या आवारात गवत कमरेएवढे वाढते आणि त्याखाली यंत्रांचे खड्डे, पाण्याची टाकी, तलावाचा काठ काही दिसत नाही. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात. पायाला साधी खरचटलेली जखम असली तरी अशा पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे महापालिकेचा आरोग्य विभाग दर पावसाळ्यात सांगतो.

यार्डातल्या उभ्या वॅगनवर चढून सेल्फी काढणाऱ्यांसाठी एकच माहिती पुरे. उपनगरी मार्गांवरील ओव्हरहेड वायरमध्ये २५ हजार व्होल्टचा प्रवाह आहे. तिला स्पर्श करण्याची गरज नसते. ठराविक अंतराच्या आत शरीर आले की वीज स्वतः झेप घेते.

यातून कोणी वाचला आणि रुग्णालयात पोहोचला, तर पुढचा प्रश्न विम्याचा. आरोग्य विम्याच्या करारात गुन्हेगारी हेतूने केलेल्या कायदेभंगातून उद्भवलेला खर्च वगळलेला असतो. अतिक्रमणाचा गुन्हा नोंदलेला असेल, तर त्या वाक्याचा अर्थ काय लावायचा यावर विमा कंपनीशी वाद घालण्याची तयारी ठेवावी लागते.

नावलौकिक आणि नालस्ती

महाराष्ट्राला भटकंतीचे वावडे नाही. उलट गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी दुर्गभ्रमंतीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यामुळे शनिवारी रात्री पाठीवर सॅक टाकून कर्जत लोकल पकडणारा तरुण घरच्यांना कौतुकाचा वाटतो. तोच तरुण रविवारी सकाळी काळाचौकीच्या बंद गिरणीत शिरला, तर 'गर्दुल्ल्यांच्या अड्ड्यावर काय काम होते' असे विचारले जाते. दोन्ही पडक्या वास्तूच. एक तीनशे वर्षांपूर्वी पडली, दुसरी तीस-चाळीस वर्षांपूर्वी. पण गडावर कोणाची मालकी अंगावर येत नाही, गिरणीवर येते. शिवाय गिरणीच्या जमिनीभोवती या शहरात रक्त सांडले आहे. १९९४ साली खटाव मिलचे सुनीत खटाव यांची महालक्ष्मीजवळ भररस्त्यात हत्या झाली, ती आठवण गिरणगावात पुसली गेलेली नाही. फाटकावरचा रखवालदार कॅमेऱ्याकडे संशयाने पाहतो, तो कलेचा द्वेष्टा म्हणून नव्हे. हा छायाचित्रकार की बिल्डरचा माणूस, की कोर्टात पुरावा गोळा करणारा, हे त्याला कळायला मार्ग नसतो, आणि चूक झाली तर नोकरी त्याची जाते.

छंद बदनाम होण्यात छांदिष्टांचाही वाटा आहे. पूर्वी जागेचा पत्ता गुप्त ठेवणे हा शिष्टाचार होता. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामच्या काळात पत्ता हेच भांडवल झाले. एकाने चित्रफीत टाकली की पुढच्या रविवारी दहा जण पोहोचतात, त्यांच्यातला एखादा रंगाचा डबा घेऊन येतो, एखादा भुते शोधायला. कुलाब्याची मुकेश मिल १९८२ च्या आगीनंतर बंद पडली आणि पुढे चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी प्रसिद्ध झाली. आज तिचे नाव काढले की लोक कामगारांविषयी नव्हे, भुतांविषयी विचारतात. एका अख्ख्या उद्योगाच्या मरणाची ही अशी वासलात लागावी, हे खटकते.

आणि येथे एक भेदभावही नोंदवायला हवा. आम्हा चौघा विद्यार्थ्यांना त्या रखवालदाराने वहीत नावे लिहवून सोडले, कारण आमच्याकडे महाविद्यालयाची ओळखपत्रे होती आणि आम्ही नीट बोलत होतो. त्याच खिंडारातून आत जाणाऱ्या, शेजारच्या झोपडपट्टीतील पोराच्या पाठीवर काठी बसली असती. अतिक्रमणाचे कलम दोघांना सारखेच आहे, त्याची अंमलबजावणी सारखी नाही. हा छंद 'निरुपद्रवी' ठरतो तो पुष्कळदा छांदिष्टाच्या कपड्यांवरून.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र गिरणी कामगारांच्या घरांतून येतो. ज्याने त्या साच्यावर पंचवीस वर्षे पाळी केली, ज्याची देणी वर्षानुवर्षे अडकली, जो घराच्या सोडतीसाठी २०१२ पासून म्हाडाच्या याद्या चाळत राहिला, त्याला त्या पडक्या शेडमधला 'प्रकाश आणि पोत' कसा दिसत असेल? नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावचा इतिहास लिहिला तो कामगारांना बोलते करून. नुसत्या भिंतींच्या छायाचित्रांत ते बोलणे येत नाही. तरीही या प्रतिनिधीचे मत असे की, छायाचित्रे काढली गेली पाहिजेत. ज्या गिरण्यांच्या जागी आज मनोरे आहेत, त्यांपैकी अनेकांच्या आतल्या भागाची शेवटची नोंद कोणा हौशी माणसाच्या कॅमेऱ्यातच उरली आहे. ज्यांनी नोंद ठेवायला हवी होती त्यांनी ती ठेवली नाही, म्हणून भिंतीवरून उडी मारणाऱ्याचे काम इतिहासाच्या उपयोगी पडले, ही गोष्ट व्यवस्थेला भूषणावह नाही.

दरवाजातून जाण्याचा मार्गही आहे. तो लांबचा आहे, पण अशक्य नाही. आधी जागा कोणाच्या ताब्यात आहे हे शोधावे लागते. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, खासगी कंपनी, न्यायालयीन रिसीव्हर, अवसायक किंवा महापालिका यांपैकी कोणीतरी एक असतो. अर्जात हेतू, दिवस, वेळ, येणाऱ्यांची नावे आणि कोणत्या भागाचे चित्रण करणार हे स्पष्ट लिहावे. छायाचित्रे विकणार असाल तर तसेही लिहावे, कारण व्यावसायिक चित्रणाचे नियम व शुल्क वेगळे. लेखी परवानगीची प्रत खिशात असली की अतिक्रमणाचा प्रश्न उद्भवत नाही, आणि कोणी फाटकाआड अडवून 'साहेबांकडे चला' म्हटले तर साहेब कोण हे आपल्याला आधीच ठाऊक असते. रखवालदाराला सोबत घ्यावे, किमान तिघांनी जावे, बाहेर थांबलेल्या एकाला परतण्याची वेळ सांगून ठेवावी, उजेड असतानाच बाहेर पडावे. भूमिगत जागेत परवानगी असली तरी वायुमापक आणि जाणकार माणूस यांच्याशिवाय उतरू नये. कोणी आत अडकलेच, तर मागोमाग न जाता १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे. दलाचे मुख्यालय भायखळ्यातच आहे.

ज्यांना केवळ जुनी मुंबई आतून पाहायची आहे, त्यांना कुंपण ओलांडण्याची गरजही नाही. भायखळा स्थानकाच्या जीर्णोद्धाराला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला, आणि ते पाहायला प्लॅटफॉर्मचे तिकीट पुरते. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडले. मोडकळीस आलेल्या त्या वास्तूचे पुनरुज्जीवन कसे झाले, हे तिच्या जिन्यावर उभे राहिले तरी समजते. राजभवनातील बंकरचे २०१९ मध्ये संग्रहालय झाले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला. त्यासाठी जतन करावयाच्या शेड आणि चिमणी रस्त्यावरूनही दिसतात, आणि रस्त्यावरून त्यांचे छायाचित्र काढायला कोणाची परवानगी लागत नाही.